अ‍ॅम्लोडिपीनची दोन रूपे : एका रक्तदाबशामक औषधाचा अर्धा भाग वगळण्याविषयी

प्रास्ताविक

पिंपरी-चिंचवड परिसराचा औषधनिर्मितीशी असलेला संबंध सांगताना प्रथम आठवते ते पेनिसिलिन. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्यानंतर पिंपरी, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची वस्ती पसरत गेली. ती पसरत असताना तेथील माणसाचे आजारही बदलत गेले. पेनिसिलिन ज्या आजारांवर चालते ते ताप, पू, वेदना अशा खुणा घेऊन येतात व रोगी आपण होऊन वैद्याकडे जातो. अतिरक्तदाबाचे तसे नाही. तो वर्षानुवर्षे मुकाट असतो. त्याची पहिली खूण पुष्कळदा पक्षाघाताची किंवा हृदयविकाराच्या झटक्याची असते. त्यामुळे त्यावरचे औषध निरोगी वाटणाऱ्या माणसाला रोज आणि बहुधा आयुष्यभर घ्यावे लागते. अशा औषधाचे गुणदोष पारखण्याची कसोटीही त्यामुळे वेगळी असावी लागते.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेले अ‍ॅम्लोडिपीन हे या वर्गातील सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक आहे. ते अतिरक्तदाब व हृच्छूल या दोन्ही विकारांवर देतात. नेहमीच्या गोळीत या औषधाची दोन रूपे समप्रमाणात असतात. ती परस्परांची आरशातील प्रतिमा असून रक्तदाब उतरविण्याचे जवळजवळ सर्व कार्य त्यांपैकी एकच करते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाढलेल्या एम्क्युअर या कंपनीने हे एकच रूप असलेली गोळी ‘असोमेक्स’ या नावाने बाजारात आणली. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही ही दोन रूपे वेगळी करण्याच्या पद्धतीवर संशोधन झाले. एका अर्थी हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. औषधाचा ‘निरुपयोगी’ अर्धा भाग काढून टाकल्याने औषध सुधारते काय, आणि सुधारते असे म्हणावयाचे असेल तर त्यासाठी कोणता पुरावा हवा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. कॅल्शियम आणि स्नायूंचे आकुंचन

हृदयाच्या आकुंचनाला कॅल्शियम लागते हे प्रथम कळले ते एका चुकीमुळे. लंडनमध्ये सिडनी रिंगर हे बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत होते. १८८२ मध्ये त्यांनी वापरलेल्या क्षारद्रावात हृदय दीर्घकाळ चालू राहिले. पुढे असे लक्षात आले की तो द्राव ऊर्ध्वपातित पाण्यात न करता नळाच्या पाण्यात केला होता. शुद्ध पाण्याचा द्राव वापरताच हृदय थांबू लागले. लंडनच्या नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हेच रहस्य होते. रिंगर यांनी १८८३ मध्ये ही दुरुस्ती प्रसिद्ध केली. पाण्याच्या शुद्धतेने उलगडलेली ही गोष्ट आपल्या विषयाच्या आरंभीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे येणारा वादही शुद्धतेचाच आहे.

रोहिणीच्या भित्तीत अरेखित स्नायूंच्या पेशी असतात. पेशीबाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियमचे जे प्रमाण असते त्याच्या सुमारे एक दशसहस्रांश एवढेच प्रमाण स्वस्थ पेशीच्या आत असते. पेशीच्या पटलातील विद्युत्‌दाब बदलला की पटलातील विशिष्ट प्रथिनमार्ग उघडतात आणि कॅल्शियम आयन आत शिरतात. तेथे ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी संयोग पावतात. या संयोगाने एक विकर कार्यान्वित होते, ते मायोसिन या प्रथिनाच्या साखळीवर फॉस्फेट बसविते आणि स्नायू आखडतो. स्नायू आखडला की वाहिनीचे तोंड अरुंद होते.

वाहिनी किती अरुंद झाली यावर रक्तदाब किती तीव्रतेने अवलंबून असतो हे प्वाझय यांच्या नियमावरून दिसते. प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या केवळ एकदशांशाने वाढली तर विरोध मूळच्या सुमारे ६८ टक्क्यांवर येतो. रक्तवाहिनी काटेकोर नळी नव्हे, तरीही एवढ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : कॅल्शियमचे मार्ग पूर्णपणे बंद करण्याची गरज नाही. त्यांतील काही थोडा वेळ अधिक मिटलेले राहिले तरी पुरते.

जर्मनीतील फ्रायबर्ग येथील आल्ब्रेख्ट फ्लेकेन्स्टाइन यांनी १९६० नंतरच्या दशकात असे दाखविले की व्हेरापामिलसारखी काही द्रव्ये हृदयस्नायूवर जो परिणाम करतात तो द्रावातून कॅल्शियम काढून घेतल्याच्या परिणामासारखाच असतो. ‘कॅल्शियमविरोधी द्रव्ये’ ही संज्ञा त्यांच्या कार्यामुळे रूढ झाली. त्याच सुमारास बायर कंपनीतील बॉसर्ट व फाटर यांनी डायहायड्रोपिरिडीन या वर्गातील निफेडिपीन शोधले. ते १९७५ मध्ये वापरात आले. या वर्गाचे रासायनिक सांगाडे बनविण्याची कृती आर्थर हांट्श यांनी १८८० नंतरच्या पहिल्या वर्षांतच सांगून ठेवली होती.

डायहायड्रोपिरिडीन वर्गाचा विशेष असा की ही द्रव्ये हृदयापेक्षा रक्तवाहिन्यांवर अधिक कार्य करतात. त्याचे कारण मार्गाच्या अवस्थेत आहे. हे प्रथिनमार्ग मिटलेले, उघडे आणि निष्क्रिय झालेले अशा तीन अवस्थांत असतात व डायहायड्रोपिरिडिनांचा ओढा निष्क्रिय अवस्थेकडे असतो. रोहिणीच्या स्नायुपेशींचा विश्रांतीतील विद्युत्‌दाब हृदयपेशींहून कमी ऋण असल्याने तेथे ही अवस्था अधिक काळ आढळते. म्हणून औषध तेथे अधिक टिकते. हृच्छुलात याचा दुहेरी लाभ होतो : देहातील वाहिन्या सैल झाल्याने हृदयावरील भार उतरतो, आणि हृद्‌रोहिणीला पेटके येत असतील तर तेही सुटतात.

२. दीर्घकाळ टिकणारे औषध

निफेडिपीनचा मोठा दोष म्हणजे त्याचे अल्पजीवित्व. त्याचे अर्धायुष्य सुमारे दोन तास. कॅप्सूल घेतल्यावर रक्तदाब एकदम घसरतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून नाडी जलद होते, आणि काही तासांत दाब पुन्हा चढतो. १९९५ पासून या अल्पकालीन स्वरूपाच्या सुरक्षिततेविषयी गंभीर शंका उपस्थित झाल्या व ते स्वरूप अतिरक्तदाबासाठी वापरणे मागे पडले.

इंग्लंडमधील सँडविच येथे फायझरच्या प्रयोगशाळेत सायमन कॅम्बेल व त्यांचे सहकारी यांनी या सांगाड्याच्या दुसऱ्या कार्बनाशी अमिनो गट असलेली एक लहान साखळी जोडली. या एका बदलाने औषधाचा सगळा स्वभाव पालटला. या गटामुळे शरीरातील आम्लतेला रेणूंचा ९० टक्क्यांहून अधिक भाग धनभारित असतो. तो पेशीपटलातील स्निग्ध द्रव्यांशी घट्ट निगडित राहतो, ग्राहीवर सावकाश बसतो आणि सावकाशच उठतो. अ‍ॅम्लोडिपीनचे अर्धायुष्य ३५ ते ५० तास आहे. ते १९९० मध्ये इंग्लंडमध्ये व १९९२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले.

या आकड्याचा व्यवहारातील अर्थ आपल्या परिसरातील उदाहरणाने चांगला कळतो. कारखान्यातील कामगार एका आठवड्यात पहिल्या पाळीला, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला आणि पुढे रात्रपाळीला जातो. जेवणाची, झोपेची व म्हणून गोळीचीही वेळ सरकते. अर्धायुष्य ४० तास धरले तर २४ तासांनंतर औषधाचा सुमारे ६६ टक्के अंश शिल्लक असतो. पाळी बदलल्यामुळे गोळी आठ तास उशिरा घेतली गेली तर तो ५७ टक्क्यांवर येतो, एवढाच फरक. दोन तासांच्या अर्धायुष्याच्या औषधाचे आठ तासांत केवळ सहा टक्के उरतात. तेथे आठ तासांचा उशीर म्हणजे औषध नसण्यासारखेच. हा हिशोब शोषणाचा काळ सोडून केलेला स्थूल हिशोब आहे. तथापि रोज एकच गोळी घ्यावयाची आणि ती थोडी मागेपुढे झाली तरी चालावयाचे, हा या औषधाचा गुण कोठून आला ते त्यावरून दिसते. याच गणिताची दुसरी बाजू अशी की औषधाचा पूर्ण परिणाम दिसावयास सात-आठ दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी दाब उतरला नाही म्हणून मात्रा वाढविणे अथवा औषध सोडून देणे या दोन्ही चुकाच होत.

३. उजवे आणि डावे

आता मुख्य विषयाकडे वळू. निफेडिपीनच्या रेणूत मधल्या कडीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. अ‍ॅम्लोडिपीनमध्ये तसे नाही. एका बाजूला मिथिल एस्टर, दुसऱ्या बाजूला एथिल एस्टर. एका बाजूला साधा मिथिल गट, दुसऱ्या बाजूला वर सांगितलेली अमिनो साखळी. त्यामुळे ज्या चौथ्या कार्बनाला क्लोरोफेनिल गट जोडलेला असतो, त्याच्या भोवती चार भिन्न गट येतात. असा कार्बन असलेला रेणू व त्याची आरशातील प्रतिमा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, जशी उजव्या पायाची वहाण डाव्या पायात बसत नाही. म्हणजे ज्या साखळीने औषधाला दीर्घायुष्य दिले, त्याच साखळीने त्याला डावे-उजवेपणही दिले.

या दोन रूपांना समघटक म्हणतात. एक ध्रुवित प्रकाशाची पातळी डावीकडे वळविते, ते वामवलनी. दुसरे उजवीकडे, ते दक्षिणवलनी. द्रवणांक, विद्राव्यता, वर्णपट असे त्यांचे नेहमीचे सर्व गुणधर्म सारखे. परंतु ग्राही हा स्वतःच एका हाताचा असतो. तेथे वामवलनी अ‍ॅम्लोडिपीन दक्षिणवलनी रूपाहून सुमारे हजारपट प्रभावी असल्याचे आढळले आहे. साध्या प्रयोगशालेय संश्लेषणात दोन्ही रूपे अर्धी अर्धी निर्माण होतात, कारण तेथे डावे-उजवे ओळखणारे काहीच नसते. म्हणून पाच मिलिग्रॅमच्या साध्या गोळीत अडीच मिलिग्रॅम कामाचे आणि अडीच मिलिग्रॅम जवळजवळ बिनकामाचे, असा हिशोब मांडला जातो, व वामवलनी गोळी अडीच मिलिग्रॅमची असते.

४. चिंचेतील अम्ल आणि विभेदनाची कला

सारखेच गुणधर्म असलेली दोन रूपे वेगळी कशी करावयाची? याचा मार्ग लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये उघडला. टार्टारिक अम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना त्यांत दोन प्रकार दिसले, एक दुसऱ्याचे प्रतिबिंब. त्यांनी ते चिमट्याने निवडून वेगळे केले. पुढे त्यांनीच अधिक व्यापक पद्धत सांगितली : मिश्रणाचा संयोग एकाच हाताच्या दुसऱ्या द्रव्याशी करावा. डावा हात उजव्या हाताशी मिळतो तेव्हा होणारी जोडी आणि उजवा उजव्याशी मिळतो तेव्हा होणारी जोडी या परस्परांच्या प्रतिमा नसतात. त्यांची विद्राव्यता भिन्न असते, आणि त्यामुळे त्यांपैकी एक आधी स्फटिकरूपाने खाली बसते.

अ‍ॅम्लोडिपीन हे अल्कधर्मी द्रव्य असल्यामुळे त्याच्या विभेदनासाठी टार्टारिक अम्लच सोयीचे ठरले. हे अम्ल द्राक्षात असते आणि आपल्या चिंचेत विपुल असते. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः त्याचाच. ज्या गावाच्या नावात लोक चिंच आणि वड पाहतात, त्या चिंचवडच्या शेजारी याच अम्लाच्या साहाय्याने निवडलेल्या औषधाची कथा सांगावी लागावी हा योग मोठा चमत्कारिक म्हणावा लागेल.

निसर्गात मिळणारे टार्टारिक अम्ल दक्षिणवलनी असते. त्याचे वामवलनी रूप दुर्मिळ व म्हणून महाग. फायझरच्या १९९५ च्या पेटंटात डायमिथिल सल्फॉक्साइड या विद्रावकात विभेदन सांगितले आहे. त्यात औषधाचे वामवलनी रूप मिळते ते अम्लाचे दुर्मिळ रूप वापरले असता. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रमेश अण्णा जोशी, रोहिणी रमेश जोशी व मुकुंद केशव गुर्जर यांच्या नावाने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेस २००३ मध्ये जे अमेरिकन पेटंट मिळाले, त्याचा विषय वामवलनी अ‍ॅम्लोडिपीनचे नैसर्गिक, दक्षिणवलनी अम्लाशी होणारे हेमिटार्टरेट लवण हा आहे. हेमिटार्टरेट म्हणजे अम्लाच्या एका रेणूस औषधाचे दोन रेणू. नेहमीच्या अम्लाने हवे ते रूप मिळविणे ही औद्योगिक दृष्ट्या लहान गोष्ट नव्हे. तसेच या दोन पेटंटांची तुलना विद्यार्थ्याला एक धडा देते : कोणता हात खाली बसेल हे केवळ अम्लाच्या हातावर ठरत नाही, विद्रावक आणि स्फटिकाची घडण यांचाही त्यात वाटा असतो. गुर्जर हे पुढे एम्क्युअरमध्ये संशोधनाच्या प्रमुख पदावर गेले.

भारत आणि चीन या देशांत वामवलनी अ‍ॅम्लोडिपीन बरीच वर्षे वापरात आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या मॅलिएट लवणाला २०१९ च्या डिसेंबरात मान्यता दिली. म्हणजे हे रूप रक्तदाब उतरविते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ते साध्या गोळीहून श्रेष्ठ आहे काय, हा.

५. श्रेष्ठत्वाचा दावा आणि त्यातील विसंगती

अ‍ॅम्लोडिपीनचा सर्वांत त्रासदायक अनिष्ट परिणाम म्हणजे घोट्यांवर येणारी सूज. ती मात्रेबरोबर वाढते. अमेरिकेतील मान्यताप्राप्त माहितीपत्रकानुसार अडीच मिलिग्रॅम घेणाऱ्यांत सुजेचे प्रमाण १.८ टक्के, पाच मिलिग्रॅमला ३ टक्के आणि दहा मिलिग्रॅमला १०.८ टक्के आढळले. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ते ०.६ टक्के होते. सूज का येते हेही ठाऊक आहे. औषधाने लहान रोहिण्या रुंदावतात, नीला मात्र तितक्या रुंदावत नाहीत. आत येणारी वाट मोठी, बाहेर जाणारी तेवढीच. त्यामुळे केशवाहिन्यांतील दाब वाढून द्रव बाहेर पाझरतो. शरीरात पाणी साठल्याने ही सूज येत नाही. म्हणूनच मूत्रल औषधांनी ती फारशी उतरत नाही, आणि नीलाही सैल करणारी एनॅलाप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांच्या वर्गातील औषधे जोडीने दिल्यास ती कमी होते.

वामवलनी गोळीने ही सूज टळते, असा दावा केला जातो. ‘सेसा’ या नावाने ओळखली जाणारी पाहणी भारतात २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १,८५९ रुग्ण होते. त्यांपैकी ३१४ जणांना साध्या अ‍ॅम्लोडिपीनने सूज आली होती. वामवलनी गोळीवर आणल्यानंतर चार आठवड्यांत त्यांपैकी ३१० जणांची सूज उतरली. आकडा प्रथमदर्शनी विलक्षण आहे. परंतु पदव्युत्तर विद्यार्थ्याने येथे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न पद्धतीचा. या पाहणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सूज आलेल्या रुग्णांपैकी काहींना त्यांच्या नकळत साधीच गोळी पुढे दिली असती तर किती जणांची सूज उतरली असती, हे त्यावरून कळू शकत नाही. सूज कमीजास्त होत असते. उन्हाळा, उभे राहून करावयाचे काम, झोपेची वेळ या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो. शिवाय जी तक्रार सर्वाधिक असतानाच रुग्ण निवडला जातो, ती तक्रार पुढच्या तपासणीत कमी आढळण्याचा संभव मुळातच अधिक असतो. रुग्णाला व डॉक्टरला ‘ही नवी, शुद्ध गोळी’ हे ठाऊक असणे हाही एक परिणामच होय.

दुसरा प्रश्न तर्काचा असून तो अधिक महत्त्वाचा आहे. अर्धा भाग वगळण्याच्या बाजूने दोन विधाने एका दमात केली जातात. एक : दक्षिणवलनी रूप निष्क्रिय आहे, म्हणून ते अनावश्यक. दोन : दक्षिणवलनी रूप सुजेला कारण होते, म्हणून ते घातक. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. ते निष्क्रिय असेल तर सूज सर्वस्वी वामवलनी रूपाची. आणि अडीच मिलिग्रॅम वामवलनी गोळी रोहिणी तितकीच रुंदावीत असेल तर सूजही तितकीच आली पाहिजे. उलटपक्षी ते सूज आणीत असेल तर ते निष्क्रिय नव्हे, आणि मग त्याचे इतर कार्यही तपासले पाहिजे. कुत्र्याच्या रक्तवाहिन्यांवरील प्रयोगांत दक्षिणवलनी रूपाने वाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटल्याचे आढळले आहे. सुजेचा खुलासा याच प्रयोगांच्या आधारे केला जातो. परंतु नायट्रिक ऑक्साइड हे वाहिनीचे रक्षण करणारे द्रव्यही मानले जाते. एकाच निरीक्षणातून हानीचा अर्थ तेवढा घ्यावयाचा आणि लाभाचा सोडावयाचा, हे शास्त्राला धरून नाही.

औषधांच्या इतिहासात दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. कंपवातावरील डोपाचे मिश्रण सोडून केवळ वामवलनी रूप घेतल्याने विषारीपणा कमी झाला, हा शुद्धतेच्या बाजूचा दाखला. त्याच्या उलट डायलेव्हलॉलचे उदाहरण. लॅबेटॅलॉल या रक्तदाबशामक औषधाच्या चार समघटकांपैकी एक शुद्ध करून डायलेव्हलॉल या नावाने देण्यात आला, आणि यकृतावरील दुष्परिणामांमुळे १९९० मध्ये मागे घ्यावा लागला. मिश्रण असलेले लॅबेटॅलॉल मात्र आजही वापरात आहे. शुद्ध केलेला समघटक हा जुन्या औषधाचा अंश असला तरी पुराव्याच्या दृष्टीने त्याला पुष्कळ अंशी नवे औषधच मानावे लागते.

६. पुरावा कोणाच्या नावावर आहे?

रक्तदाब उतरविणे हे साधन होय. साध्य आहे ते पक्षाघात, हृदयविकाराचा झटका व अकाली मृत्यू टाळणे. या साध्याविषयीचा मोठा पुरावा अ‍ॅम्लोडिपीनजवळ आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑलहॅट’ या चाचणीत ३३,३५७ रुग्णांत अ‍ॅम्लोडिपीन, लिसिनोप्रिल आणि क्लोरथॅलिडोन यांची तुलना झाली. प्राणघातक हृद्‌विकार व झटका यांच्या प्रमाणात तिन्हींत फरक आढळला नाही. हृदयाच्या दुर्बलतेचे प्रमाण मात्र अ‍ॅम्लोडिपीन घेणाऱ्यांत क्लोरथॅलिडोनहून अधिक होते, १०.२ टक्क्यांस ७.७ टक्के. २००५ च्या ‘अ‍ॅस्कॉट’ चाचणीत १९,२५७ रुग्ण होते. तेथे अ‍ॅम्लोडिपीनवर आधारित उपचार अ‍ॅटेनोलॉलवर आधारित उपचारांहून सरस ठरले. या दोन्ही चाचण्या दोन्ही रूपांच्या मिश्रणाने झाल्या. वामवलनी गोळी देताना आपण हा पुरावा उसना घेतो. तो घेणे अगदीच गैर नाही, कारण कार्य करणारा रेणू तोच आहे; परंतु उसना आहे हे सांगितले पाहिजे.

मग निर्णायक प्रयोग कसा असावा? सुजेचे प्रमाण तीन टक्क्यांवरून दीड टक्क्यावर येते असे गृहीत धरू. हा फरक नेहमीच्या पाच टक्के प्रमादमर्यादेत व ८० टक्के सामर्थ्याने दाखवावयाचा तर प्रत्येक गटात सुमारे १,५३० रुग्ण लागतात, एकूण तीन हजारांहून अधिक. एखाद्या विभागाला हे झेपणारे नाही. परंतु ‘सूज आहे अथवा नाही’ असे न विचारता पाऊल पाण्यात बुडवून बाहेर सांडलेल्या पाण्यावरून त्याचे घनफळ मोजले, प्रत्येक रुग्णाला क्रमाने दोन्ही गोळ्या दिल्या, कोणती कोणत्या काळात दिली हे रुग्ण व परीक्षक दोघांपासूनही गुप्त ठेवले आणि मधल्या काळात औषध उतरावयास पुरेसे आठवडे सोडले, तर फार लहान संख्येतही उत्तर मिळू शकेल. त्याच वेळी चोवीस तासांचा रक्तदाब नोंदविला पाहिजे. कारण सूज कमी झाली ती दाबही कमी उतरल्यामुळे, अशी शंका राहता कामा नये. अशी चाचणी महागडी नाही. तिला लागतो तो संयम.

७. व्यवहाराची बाजू

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने आणखी एक विचार आवश्यक आहे. साधे अ‍ॅम्लोडिपीन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय अतिरक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रासह पाच राज्ये होती. या उपक्रमाने एक साधी शिस्त घालून दिली : थोडी, स्वस्त, ठरावीक औषधे, मात्रेच्या निश्चित पायऱ्या, आणि आरंभ बहुधा अ‍ॅम्लोडिपीनने. आपल्या औद्योगिक पट्ट्यात ज्या कामगाराचा रक्तदाब कधी मोजलाच गेला नाही, अथवा मोजला गेला पण गोळी दोन महिन्यांत बंद पडली, त्याच्या दृष्टीने डाव्या-उजव्या रूपाचा वाद दुय्यम आहे. त्याला हवी ती रोज परवडणारी व हाताशी मिळणारी गोळी.

तथापि सुजेमुळेच गोळी सोडणारेही रुग्ण असतात, आणि त्यांच्यासाठी हा वाद दुय्यम राहत नाही. अशा रुग्णाची मात्रा कमी करणे, दुसऱ्या वर्गातील औषधाची जोड देणे आणि वामवलनी रूप देऊन पाहणे हे तिन्ही मार्ग वैद्यापुढे आहेत. पहिल्या दोहोंमागील कारणमीमांसा दृढ आहे. तिसऱ्याची व्हावयाची आहे. निवड वैद्यानेच करावयाची असून रुग्णाने गोळी आपल्या मनाने बदलणे अथवा थांबविणे इष्ट नाही.

उपसंहार

वामवलनी अ‍ॅम्लोडिपीनच्या निर्मितीत पुणे परिसरातील रसायनशास्त्रज्ञांनी दाखविलेले कौशल्य निर्विवाद आहे. ज्या भूमीत पेनिसिलिनची विद्या परक्या साहाय्याने आली, तेथे अर्ध्या शतकाच्या आत औषधाच्या दोन हातांपैकी हवा तो निवडून घेण्याची विद्या स्वतःच्या बळावर सिद्ध झाली, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु द्रव्याची शुद्धता प्रयोगशाळेत प्रकाशाच्या वलनाने मोजता येते. उपचाराचे श्रेष्ठत्व तसे मोजता येत नाही. त्याला रोग्याच्या पायाशी बसूनच मोजमाप घ्यावे लागते. पहिले काम आपल्याकडे उत्तम रीतीने झाले आहे. दुसरे अपुरे आहे, आणि ते पूर्ण करण्यास लागणारे रुग्ण, रुग्णालये आणि विद्यार्थी या सर्व गोष्टी पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या एका पट्ट्यात उपलब्ध आहेत.